दोनदा वाजवलेला सूर

मी सरोन बोलतोय. बू पोनिरा गेल्याची बातमी आली तेव्हा गावच्या मंडपात तालमीसाठी केळ्याची भजी तळून तयार होती, आणि कधी नव्हे ते सगळे वेळेवर आले होते.

गामेलान म्हणजे आमच्या जावातला वाद्यांचा ताफा, त्यातला मी सगळ्यांत धाकटा. काशाच्या सात पट्ट्या, म्हशीच्या शिंगाची हातोडी आणि चिरका आवाज. क्लातेनजवळच्या कारागिराने मला ठोकून, घासून याच ताफ्याच्या सुरात बसवला. थोरला सरोन एक सूर वाजवतो, तोच मी दोनदा वाजवतो.

थोरल्यासमोर पाक तुकिमान बसत, माझ्यासमोर त्यांची बायको पोनिरा. आमच्याकडे मानानं पुरुषाला पाक म्हणतात, बाईला बू.

"बू, जरा दमानं," ते म्हणायचे.

"तुमचं एकदा बोललेलं ऐकू येतं कुणाला? मी दोनदा सांगते म्हणून कळतं!"

घरीही हेच चाले म्हणे.

आता गावजत्रा तोंडावर आली, माझ्याविना ताफा लंगडा, आणि पाकना माझ्यासमोर कुणीच चालेना. न्हाव्याला म्हणाले, "वाजवतोस की डास मारतोस?" सुताराच्या बायकोला म्हणाले, "फार गोड वाजवतेस. पोनिराच्या जागेवर गोड?"

शेवटी शाळेतल्या वुलानबाई येऊन बसल्या. "मुलांना सांगते मी, गामेलान आधी दुसऱ्याचं ऐकायला शिकवतं. तुम्ही ऐकणार ना, पाक?"

पाकनी हातोडी उचलली. पण बाईंनी वाजवताच भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा गलका झाला.

"डावा हात!" पाक ओरडले. "घरी वाळत घालून आलीस का? उजव्यानं पुढची पट्टी ठोकायची, तेव्हाच डाव्यानं मागची चिमटीत दाबायची. मागचा सूर गप्प केल्याशिवाय पुढचा ऐकू येत नाही."

चार तालमींत बाईंना जमलं. पाचव्या तालमीत पाकच रेंगाळले.

"पाक, बैलगाडी हाकताय का? उचला! उचला जरा!" बाई म्हणाल्या.

सगळे चपापले. पाक मात्र हसले. "हिला बसू द्या," म्हणाले. "हीपण दोनदा सांगते."

मग सगळे अंगणात भजी खायला गेले. पाक पहिल्यांदाच माझ्यासमोर येऊन बसले. त्यांनी एकच पट्टी वाजवली, दोनदा.

तुम्ही कधी माझ्यासमोर बसलात, तर मला ओलांडून येऊ नका, तो वाद्याचा अपमान, आणि डावा हात विसरू नका. त्या दुपारी पाकचा डावा हात मांडीवरच होता. सूर विरेपर्यंत ते बसून राहिले.

ती पट्टी दाबायची राहून गेली.