साठ मिनिटं झाली होती का?

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता रेडिओवर एक माणूस फुटबॉल सामन्यांचे निकाल वाचायचा. त्याचं नाव मला कधी कळलं नाही, पण आवाज अजून कानात आहे. घरच्या संघाचं नाव, आकडा, मग पाहुण्यांचं नाव, आकडा. पहिलं नाव घेताना आवाज उतरला की दुसरं नाव चढत्या सुरात यायचं. आकडा ओठावर येण्याआधीच आईला कळायचं की आपला संघ हरला. ती घाईघाईने आमची ताटं वाढायची आणि आम्हाला वर झोपायला धाडायची. आकडा चांगला आला, तर वडील मला खांद्यावर बसवून परसात तीन फेऱ्या मारायचे.

अकरा परक्या माणसांच्या पायांत आपलं सुखदुःख बांधून टाकायचं, हे मी असं घरातच शिकलो.

पुढे मी बस चालवायला लागलो. उत्तर इंग्लंडमधल्या लँकेशरच्या त्याच टेकड्या, तेच चढ, तीच ओली वळणं, एकतीस वर्षं. आमच्या डेपोत सव्वीस वर्षांपासून एक खेळ चालतो. कॅन्टीन ग्लेनिसचं, खेळही ग्लेनिसचाच. वरच्या लीगमधल्या खऱ्या खेळाडूंतून, ठरलेल्या लटक्या पैशांत बसतील असे आपले अकरा निवडायचे, नावं चिठ्ठीवर लिहायची आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. शनिवारी सकाळी अकरा वाजता ग्लेनिस डब्याला तपकिरी चिकटपट्टी गुंडाळते. त्यानंतर कोणी रडलं, कोणी पाया पडलं, तरी चिठ्ठी बदलत नाही. मैदानावर धावतात ते, गुण मिळतात आम्हाला. साठ मिनिटं खेळला तर दोन, त्याआधी बाहेर गेला तर एक. बचावातल्या माणसाने गोल केला तर सहा. संघाने गोल खाल्ला नाही तर त्याला आणखी चार, पण तेही साठ मिनिटं खेळला असेल तरच. आणि वर्षातून एकदा, फक्त एकदा, एका नावापुढे सोनेरी चांदणी चिकटवायची. त्याचे गुण तिप्पट.

सोमवारी भिंतीवर कागद लागतो. त्या कागदावर आमचा आठवडा उभा राहतो किंवा आडवा होतो.

मे महिन्यात जो जिंकतो, त्याचं नाव ग्लेनिस पांढऱ्या रंगाने एका कापडी गुंडाळीवर लिहिते. जुन्या बसच्या कपाळावर गावांची नावं फिरायची, ती गुंडाळी. गावांच्या खाली आता माणसं आहेत. सव्वीस नावं. माझं नाही. जूनमध्ये मी निवृत्त होणार होतो.

आणि माझा मुलगा, कॅलम, त्याच वरच्या लीगमध्ये खेळत होता.

दक्षिणेतल्या एका लहान क्लबात, उजव्या बाजूचा बचावपटू. वय तेवीस. फार नाव नव्हतं त्याचं, पण दर शनिवारी उतरायचा, आणि खेळाच्या यादीत सगळ्यात स्वस्त. म्हणून डेपोतल्या अर्ध्या चिठ्ठ्यांवर तो होता. माझ्या पोराचे पाय आता डेपोचे पाय झाले होते.

पहिल्या आठवड्यात त्याने गोल वाचवला, तर ग्लेनिसने माझ्या पावात बेकनचा जादा तुकडा घातला. दुसऱ्या आठवड्यात त्याला पिवळं कार्ड मिळालं, तर चहा गार आला. तिसऱ्यात त्याच्या चुकीने गोल झाला आणि शफाकतने माझ्या बसच्या काचेवर धुळीत बोटाने लिहिलं: उणे एक.

"म्हाताऱ्या, पोराला लहानपणी दूध पाजलं होतंस की नुसता चहा?" शफाकत ओरडायचा. तो माझ्यानंतरची बस घेतो. पाच वेळा गुंडाळीवर आहे त्याचं नाव.

"तुझ्या चिठ्ठीवर तो आहे म्हणूनच खेळत नाही," मी म्हणायचो. "नजर लागते."

"आणि तुझ्या चिठ्ठीवर का नाही? सख्ख्या बापाचाच विश्वास नाही म्हटल्यावर आम्ही काय करायचं?"

खरं होतं ते. मी कॅलमला घेत नव्हतो. भीती वाटायची. तो पडला तर मला फक्त बाप म्हणून दुखावं, एवढीच इच्छा होती. पण डिसेंबरात एकदा सगळ्यांनी टेबल बडवून माझं नाव घेतलं आणि मी त्याचं नाव लिहिलं. रात्री फोनवर त्याला सांगितलं.

"खरंच घेतलंस मला, बाबा?"

"स्वस्त आहेस म्हणून रे."

तो हसला. लहानपणी बुटांची नवी जोडी आणल्यावर हसायचा, तसं.

त्यानंतर आमचे आठवडे एकमेकांत विणले गेले. त्याचा चांगला तो माझा चांगला, त्याचा वाईट तो माझा वाईट. मी चढत गेलो. फेब्रुवारीत पाचवा, मार्चमध्ये तिसरा, एप्रिल लागला तेव्हा दुसरा. पुढे फक्त शफाकत, नऊ गुणांनी.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी मी कॅलमच्या नावापुढे सोनेरी चांदणी लावली.

ग्लेनिसने चिठ्ठी वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "राजा, पक्कं ना? एकदाच मिळते ही."

"पक्कं."

"पोरगा खेळला नाही तर वाया जाईल हं."

"खेळेल. न खेळायला काय झालंय?"

अकरा वाजले. चिकटपट्टी फाटल्याचा आवाज झाला. डबा बंद.

साडेअकराला मी गणवेश घालत होतो, तेव्हा फोन वाजला.

"बाबा, गुडघ्यात काहीतरी आहे," कॅलम म्हणाला. हळू बोलत होता, आसपास कोणी असावं. "सकाळी जिना उतरताना अडकला. मग सुटला. आत काहीतरी सरकतंय असं वाटतं."

"सूज आहे?"

"थोडी. डॉक्टरला सांगितलं तर बसवतील आज. न सांगता खेळू शकतो. काय करू?"

बाहेर पाऊस पडत होता. खिडकीतून माझी बस दिसत होती, दिवे लावून उभी. मी किती वेळ विचार केला ते मला ठाऊक आहे. एक श्वास आत घेतला आणि बाहेर सोडला, तेवढाच.

"खेळ," मी म्हणालो. "घट्ट बांध आणि खेळ. पहिल्या दहा मिनिटांत मोकळा होईल."

"हो ना? मलाही तसंच वाटतंय." त्याच्या आवाजातलं ओझं उतरलं. मला ते स्पष्ट ऐकू आलं.

दुपारी माझी पाळी टेकडीवरच्या गावाची होती. गाडी चालवताना आम्ही फोनला हात लावत नाही, पण माझ्या मागच्या आसनावर एक म्हातारा प्रवासी बसला होता, कानात रेडिओची तार. दर शनिवारी मुलीकडे जातो. कॅलम माझा मुलगा हे त्याला माहीत होतं.

सामन्याचं मध्यंतर संपलं आणि थोड्याच वेळात तो ओरडला, "गोल! तुझ्या पोराने! डोक्याने मारला, कोपऱ्यातून आलेला!"

सगळी बस टाळ्या वाजवायला लागली. एका बाईने पिशवीतून टॉफी काढून मला दिली. मी मनात मोजत होतो. दोन, सहा, समोरच्यांचा गोल झाला नाही तर चार. बारा. तिप्पट छत्तीस. शफाकत संपला. त्या चढावर मी भोंगा वाजवला, उगाच, मेंढ्यांसाठी. तेवढा आनंद मला कुठल्याच वर्षी झाला नव्हता.

चढ संपला, उतार लागला. म्हाताऱ्याने कानातली तार घट्ट दाबली. मग म्हणाला, "पडलाय रे."

"कोण?"

"तुझा मुलगा. कोणी धडकलं नाही, काही नाही. एकटाच वळला आणि पडला. उठत नाही. स्ट्रेचर आणतायत."

आणि तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं, ते मी त्या दिवसानंतर रोज ऐकतो.

"साठ मिनिटं झाली होती का?"

"आं?"

"सामन्याची किती मिनिटं झाली?"

"त्रेसष्ट," म्हातारा म्हणाला. त्याला वाटलं, बापाचं भान हरपलंय. त्याने पुढे वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "देव आहे, बाळा. देव आहे."

मी सुटकेचा श्वास सोडला. त्रेसष्ट. गुण पक्के. मग पुढच्या वळणावर मला समजलं की मी काय केलं, आणि मी बस कडेला लावून दार उघडलं आणि गवतात ओकलो.

सोमवारी कागदावर माझं नाव सगळ्यांत वर होतं. शफाकतने माझी दुपारची फेरी न विचारता घेतली. ग्लेनिसने चहात चार चमचे साखर घातली आणि कपावर बशी झाकून आणून दिली, आजाऱ्याला देतात तशी. मे महिन्यात तिने गुंडाळीवर माझं नाव लिहिलं, तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मीही वर बघितलं नाही. रंग ओला होता तोवर मी निघालो.

कॅलमची दोन ऑपरेशनं झाली. चालेल, गाडी चालवेल, जिने चढेल, डॉक्टर म्हणाले. एवढंच म्हणाले. जूनमध्ये क्लबने करार पुढे नेला नाही. त्याचे बूट एका खोक्यात घरी आले, आणि मुलगाही आला. लिनने, त्याच्या आईने, त्याची जुनी खोली लावली. तो रात्री खालीच कोचावर झोपायचा. जिना नको वाटायचा.

तो मला दोष देत नव्हता. तेच सोसवत नव्हतं. त्या फोनबद्दल तो लिनला सांगायचा तेव्हा म्हणायचा, "मीच मूर्ख. डॉक्टरला सांगायला हवं होतं. बाबाने धीर दिला, दुसरा कोणी असता तर घाबरवलंच असतं." लिन माझ्याकडे बघून माझ्या पाठीवर हात फिरवायची. मी उठून कुंपणाला रंग द्यायला जायचो. त्या उन्हाळ्यात मी तेच कुंपण दोनदा रंगवलं.

ऑगस्टमधली दुपार. नवा मोसम सुरू व्हायला तीन दिवस होते. कॅलम परसातल्या पायरीवर बसला होता, पाय दुधाच्या उलट्या क्रेटवर, गुडघ्यावर गोठलेल्या मटारची पिशवी. समोरच्या गल्लीत पोरं चेंडू भिंतीवर आपटत होती. तो आवाज आला की त्याची मान आपोआप तिकडे वळायची.

"ग्लेनिसचा फोन होता," तो म्हणाला. "तुला विचारत होती, या वर्षी चिठ्ठी टाकतोस का. निवृत्त झालेल्यांनाही चालतं म्हणे."

"नाही टाकणार."

"का? जिंकलास की." तो हसला, पण ओठांनीच. "मी नाही म्हणून? दुसरा कोणी स्वस्त शोध."

मी त्याच्याशेजारी बसलो. पायरी उन्हाने तापली होती.

"एक सांगू बाबा? तिथे हॉस्पिटलात पडलो होतो ना, तेव्हा एकच गोष्ट धरून होतो. मी विचारलं आणि तू लगेच म्हणालास, खेळ. एक क्षणही थांबला नाहीस. मला वाटलं, अख्ख्या जगात एक माणूस आहे ज्याला माझ्याबद्दल शंकाच नाही. ते आठवलं की बरं वाटायचं. अजूनही वाटतं."

पोरांचा चेंडू कुंपणाला लागला आणि परत गेला. मटारची पिशवी त्याच्या गुडघ्यावरून घसरत होती. ती मी सरळ केली. माझा हात तिथेच राहिला, थंड, ओला.

गप्प बसलो असतो तर त्याच्याकडे ते एवढं तरी राहिलं असतं. पण माझ्याबद्दलचं खोटं धरून तो पुढची चाळीस वर्षं चालणार होता, लंगडत.

"कॅलम, मला तुझ्या गुडघ्याची खात्री नव्हती," मी म्हणालो. "तू फोन केलास तेव्हा डबा बंद झाला होता. माझी चांदणी तुझ्या नावावर होती. तू बसला असतास तर मी हरलो असतो. म्हणून म्हणालो, खेळ."