डाव्या पायाची रेघ

भिंगरी हे नाव तिला मावशीनंच ठेवलं. सातव्या वर्षी पहिल्यांदा रिंकच्या बर्फावर उभी राहिली तेव्हा पोरगी पडायचं सोडून गोल गोल फिरायलाच लागली, म्हणून. आता ती बाविशीची होती, चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायचं काम करत होती, आणि दुकान उघडायच्या आधी रोज दोन तास मावशीच्या हाताखाली स्केटिंगचा सराव करत होती. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. रिंकच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायची. मुलींना शिकवण्यात तिची पंचवीस वर्षं गेली होती.

घोडं पेंड खात होतं ते स्केटिंगच्या सहाव्या परीक्षेपाशी. ह्या परीक्षेत उड्या नसतात, गिरक्या नसतात, टाळ्या पडतील असं काहीच नसतं. नुसती वळणं, आणि एका वळणातून दुसऱ्यात जाणं. पुढे जाता जाता एकाच पायावर मागे वळायचं, बुटाखालच्या पात्याची बाहेरची कड सोडून आतली धरायची, वेग मरू द्यायचा नाही, आणि खांदे असे ठेवायचे की बघणाऱ्याला वाटावं, विशेष काही झालंच नाही. परीक्षक वर्षातून दोनदा यायचे. सहावी पास झालेल्या मुलीला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या रिंकवर प्रवेश मिळायचा.

ह्या वळणांत ‘ब्रॅकेट’ नावाचं एक आहे. अंगाला जिकडे वळावंसं वाटतं त्याच्या नेमकं उलट वळायचं. नीट जमलं तर बर्फावर एकच बारीक रेघ उमटते आणि मधोमध चिमणीच्या चोचीसारखं टोक. नाही जमलं तर दोन्ही कडा टेकतात आणि रेघ दुहेरी येते. भिंगरीच्या डाव्या पायाची रेघ दुहेरी येते, असं मावशीचं म्हणणं होतं.

“ये, बघ,” मावशी म्हणायची. दोघी वाकायच्या. भिंगरीला आधी एकच रेघ दिसायची. मावशी तिथं बोट टेकवायची. “इथं. दिसत नाही? नजर बसली नाही अजून तुझी.” मग भिंगरी डोळे बारीक करून बघत राहायची, आणि खरंच, थोड्या वेळानं तिला दुसरी रेघ दिसायला लागायची.

असं दीड वर्ष चाललं. पहिल्या खेपेला मावशीनं सांगितलं, जागा भरल्या. दुसऱ्या खेपेला म्हणाली, फॉर्म पोचला पण उशिरा. तिसऱ्या खेपेला, “ह्या पायावर गेलीस तर नाक कापून घेशील, माझंही आणि तुझंही.” भिंगरीनं मान डोलावली आणि पुन्हा डावा ब्रॅकेट सुरू केला. बाकीची वळणं तोंडी लावण्यापुरती व्हायची. ह्या चौथ्या खेपेला मात्र मावशी म्हणाली होती, फॉर्म भरलाय, काळजी करू नकोस.

एका मंगळवारी मावशी दाढ काढून घ्यायला गेली होती. भिंगरी सराव आटोपून रिंकच्या ऑफिसात डोकावली. तिथल्या काकू तिला परकरात असल्यापासून ओळखत होत्या.

“काकू, पुढच्या शनिवारी माझी वेळ कितीची आहे?”

काकूंनी यादीवरून बोट फिरवलं. वरून खाली, मग खालून वर. “तुझं नाव नाही गं ह्यात.”

“मावशीनं फॉर्म दिलाय.”

“माझ्याकडे नाही आला.” काकूंनी मागची फाइल काढली, तिच्याही मागची काढली. मग चष्मा कपाळावर सरकवून तिच्याकडे बघितलं. “सहावीला तुझं नाव कधीच आलेलं नाही. मी एकदा विचारलंही होतं तुझ्या मावशीला. ती म्हणाली, परीक्षा म्हटलं की पोरीच्या पोटात गोळा येतो, तिच्याजवळ विषय काढू नका. म्हणून मी आपलं तोंड मिटून बसले.”

भिंगरीच्या पोटात आजवर कधी गोळा आला नव्हता. तिनं यादी स्वतःकडे ओढली आणि वरून खाली वाचली.

“आता भरता येईल?”

“आज शेवटचा दिवस. अठरा पूर्ण आहेत ना? मग शिकवणाऱ्यांची सही लागत नाही.”

तिनं तिथंच, काउंटरवर, उभ्या उभ्या फॉर्म भरला. बाहेर आली तर बर्फ सपाट करणारे काका मशीनवर चढत होते. दर दोन तासांनी ते सगळ्यांच्या रेघा पुसून टाकायचे. भिंगरीनं त्यांना थांबवलं आणि कडेला ओढ्यासारख्या वळत गेलेल्या तिच्या सकाळच्या रेघा दाखवल्या.

“काका, ही रेघ एक आहे की दोन?”

काका खाली उतरले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले. “एक आहे. का?”

“नीट बघा ना.”

“अगं, वीस वर्षं हेच बघतोय. तुझी रेघ मला लांबूनही कळते. दुहेरी नसते कधी. मला तर वाटलं होतं तू ती परीक्षा कधीच देऊन बसलीस.”

ती त्या दिवशी दुकानात तीन भिंगं उलटी बसवून आली.

घरी आई धुतलेले कपडे घडी करत होती. भिंगरीनं सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं आई ताडकन उठेल, चपला घालेल आणि बहिणीच्या दारात जाऊन उभी राहील. आईनं हातातल्या टॉवेलाची घडी पुरी केली आणि विचारलं, “तिला काही बोललीस का?”

भिंगरीला कळायला थोडा वेळ लागला. “तुला माहीत होतं?”

“पहिल्या वेळेचं माहीत होतं. ती म्हणाली, एकच खेप थांबू दे. एकटी आहे गं ती. तुझ्याशिवाय तिला आहे कोण?”

“आणि मला?”

आई पुढचा टॉवेल उचलून बसली.

मावशीकडे भिंगरी दुसऱ्या दिवशी गेली. मावशीचा गाल सुजलेला होता, ती थंड दूध पीत बसली होती. भिंगरीनं फॉर्मची पावती टेबलावर ठेवली. मावशीनं ती वाचली, पेला बाजूला सारला.

“तुझ्या भल्यासाठीच थांबवलं होतं.”

“डावा ब्रॅकेट कधीपासून बरोबर होता?”

“तसं सांगता येत नाही.”

“तुला येतं. कधीपासून?”

मावशीनं पावती उलटी करून ठेवली. दाढेमुळे तिचे शब्द जड येत होते. “पहिल्या खेपेलाही बरोबर होता,” ती म्हणाली. “सात पोरी गेल्या माझ्या त्या मोठ्या रिंकवर. बूट बांधायला शिकवल्यापासून सगळं मी केलं. एकीनं मागे वळून फोन केला नाही. पेपरात फोटो आले, त्यात नाव तिकडच्या शिकवणाऱ्याचं.”

“मी तशी वागले असते?”

“वागली असतीस. सगळ्याच वागतात.”

“मी तुझ्या बहिणीची मुलगी आहे, मावशी.”

“म्हणूनच तर,” मावशी म्हणाली.

भिंगरीला रडू आलं नाही. तिला आठवत होती ती दुसरी रेघ. नसलेली रेघ तिला दिसायची, रोज, स्वतःच्या डोळ्यांनी. खोटं मावशी बोलली होती, पण ते बघितलं होतं तिनं. ह्याचा राग कुणावर काढायचा, ते तिला उमगेना.

उरलेले दिवस तिनं एकटीनं सराव केला. डावा पाय आता शंकाच काढायचा. काकांनी सांगूनही ती प्रत्येक वळणानंतर मागे बघायची. उजव्या पायाकडे लक्ष गेलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं की तिकडे सगळा आनंदीआनंद आहे. पुढून मागे जाताना पाय बदलायचा आणि त्याच क्षणी कडही बदलायची, ती जोडवळणं उजवीकडून कच्ची राहिली होती. दीड वर्ष बरं असलेल्या पायावर औषध चाललं होतं, आणि खरं दुखणं तसंच पडून होतं.

शनिवारी परीक्षा झाली. मावशी कठड्याशी येऊन उभी होती. कुणी बोलावलं नव्हतं. भिंगरीचा डावा पाय सुरेख चालला. उजव्या जोडवळणात तिचा तोल गेला, दुसरा पाय टेकला. पुन्हा संधी दिली, पुन्हा टेकला.

परीक्षक बाई वयस्क होत्या, सावकाश बोलायच्या. “डावा ब्रॅकेट आज पाहिलेल्यांत सगळ्यांत स्वच्छ. पण उजव्या बाजूवर तुमची मेहनतच दिसत नाही. हे कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?”

“नाही,” भिंगरी म्हणाली.

“सहा महिन्यांनी या. नापास म्हणून लिहावं लागेल.”

तिनं कठड्याकडे बघितलं. मावशीला निकालाचा कागद दिसत नव्हता, पण बाईंनी हलवलेली मान दिसली होती. मावशीचे खांदे खाली आले, चेहरा सैल झाला. एखाद्या आजाऱ्याचा ताप उतरल्याचं कळल्यावर होतो तसा. लगेच तिनं तो आवरला, हळहळीचा केला आणि हात पुढे करत आली. “असू दे गं बाळा. आपण पुन्हा—”

“आपण नाही,” भिंगरी म्हणाली आणि बूट सोडायला बसली. मावशीनं लेस धरायला हात घातला, तो तिनं बाजूला केला. जोरानं नाही; आडवी आलेली फांदी सारावी तसा.

पुढचे सहा महिने ती दोन बस बदलून शहराबाहेरच्या एका लहान रिंकवर जात राहिली. तिथं शाळकरी मुलांची गर्दी असायची, शिकवायला कुणी नव्हतं. उजवा पाय तिनं स्वतःच मारूनमुटकून सरळ केला. काही दिवस मावशीनं आईकरवी निरोप पाठवले. आई ते सांगायची, भिंगरी ऐकायची, आणि दोघी जेवायला बसायच्या. पूर्वी ती आईला दिवसभरातलं सगळं सांगायची. आता भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढंच बोलणं व्हायचं.

पुढच्या परीक्षेला ती पास झाली. मोठ्या रिंकच्या फॉर्मवर आधीच्या शिक्षकाचं नाव लिहायची जागा होती. तिनं मावशीचं नाव लिहिलं, कारण खोटं लिहायचा तिला कंटाळा आला होता.

संध्याकाळी मावशीचा फोन आला. आवाज बारीक होता. “कळलं मला. छान झालं. अभिनंदन.”

“थँक यू,” भिंगरी म्हणाली.

घरातल्या माणसाला कुणी थँक यू म्हणत नाही, हे दोघींना ठाऊक होतं. मावशी थोडा वेळ वाट बघत राहिली, आणखी काही येतंय का म्हणून. मग तिनंच फोन ठेवला.