गाद्यांच्या दुकानात लागलेली झोप

"मला टेन्शन येत नाही, सर. येतच नाही," असं मी प्लेसमेंटच्या मुलाखतीत छाती पुढे काढून सांगितलं आणि माझ्या खुर्चीचं चाक निसटलं. मी थेट टेबलाखाली. तिथून मला शंभरटक्के सरांचे बूट दिसले आणि वरून त्यांचा आवाज आला, "वा! पडली तरी रडली नाही. हिला मनमित्रमध्ये टाका."

शंभरटक्के हे अर्थातच त्यांचं खरं नाव नाही. पण 'आपल्याकडे शंभर टक्के मुलांना काम मिळतं' हे वाक्य ते नमस्काराच्या जागी वापरतात. आमच्या विद्यापीठात शेवटच्या वर्षी प्रत्येकाने कुठल्या तरी कंपनीत काम करायचं, आणि ते मध्येच सोडलं तर वर्ष पाण्यात. त्याच कंपनीने कायमची नोकरी दिली, तर सरांच्या दारात टांगलेली पितळी घंटा वाजते. मग ज्याच्या कानावर पडेल त्याने असेल तिथे उभं राहून टाळ्या वाजवायच्या. ज्यांना काहीच मिळालेलं नाही त्यांनी जरा जोरात, नाहीतर 'जळका' म्हणतात. परीक्षा चालू असली तरी टाळ्या. एकदा तर बाथरूममधूनही टाळ्या ऐकू आल्या होत्या.

मनमित्र हे विद्यापीठाने मुलांसाठी एका कंपनीकडून घेतलेलं ॲप. जीव घुसमटला की त्यात लिहायचं, तज्ज्ञ उत्तर देतात. वर एका शांत, हसऱ्या डॉक्टरबाईंचा फोटो. त्या बाई ऑफिसात कधी येतात, असं मी पहिल्या दिवशी विचारलं, तेव्हा कळलं की फोटो चष्म्याच्या जाहिरातीतला आहे. तज्ज्ञ म्हणजे आम्ही. काम शिकायला आलेली पोरं, एका लांबलचक टेबलाला चिकटून बसलेली.

"इथे मॅडम-बिडम नाही हं," आमची मॅनेजर म्हणाली. "मला दोस्त म्हणायचं."

मग दोस्तने नियम सांगितले. स्वतःच्या मनाचं काही लिहायचं नाही. मंजूर वाक्यं आहेत, त्यातलं एक निवडायचं आणि पाठवायचं. दीर्घ श्वास घ्या. ग्लासभर पाणी प्या. तुमच्या भावना महत्त्वाच्या आहेत.

"आणि कोणी खरंच रडत असेल तर?"

"तर दोन ग्लास."

मी हसले. दोस्त हसली नाही.

दिवसभर मी पोरांना पाणी पाजत होते. कोणाला कंपनीत शिव्या खाव्या लागत होत्या, कोणी घरी सांगूच शकत नव्हतं, कोणाचा हात थरथरायचा. मी म्हणायचे, पाणी प्या. संध्याकाळी खोलीवर आले की माझाच घसा सुकलेला असायचा.

खोलीत माझ्यासोबत ढब्बू. अंगाने काडी आहे म्हणून ढब्बू. ती संख्याशास्त्रात वर्गात पहिली, म्हणून सरांनी तिला एका गादी कंपनीच्या शोरूममध्ये टाकलं होतं, तक्रारी ऐकायला. लोक म्हणायचे, तुमच्या गादीवर झोप लागत नाही. ढब्बूने सांगायचं, दोष गादीत नाही, तुमच्या झोपण्यात आहे. आणि त्या गाद्यांच्या रांगेत दिवसभर उभं राहायचं, कारण कामगारांनी मालावर टेकायचं नाही.

"कसं चाललंय गं?" मी विचारायचे.

"मस्त. तुझं?"

"मस्तच."

एवढं बोलून दोघी भिंतीकडे तोंड करायचो. मला वाटायचं ती झोपली, तिला वाटायचं मी.

एके दुपारी माझ्या पडद्यावर एक मजकूर आला. नाव नव्हतंच, ॲपमध्ये नावं दिसत नाहीत. 'मला झोपच लागत नाही. लोकांना रोज सांगते, दोष तुमच्या झोपण्यात आहे, आता वाटतं दोष माझ्या असण्यात आहे. आज रस्ता ओलांडताना वाटलं, गाडी थांबली नाही तर बरं. घरी सांगितलं तर आई मावशीला काय तोंड दाखवेल? आत्ता दुकानातल्या कॉम्प्युटरवरून लिहितेय, समोर एवढ्या गाद्या आहेत आणि टेकता येत नाही.'

ही ढब्बूच होती. मी टाइप केलं, 'ढब्बे, तिथेच थांब, मी येते.' पडद्यावर लाल अक्षरं उमटली, हे वाक्य मंजूर नाही. मी पुन्हा टाइप केलं. यंत्राने माझं वाक्य पुसलं आणि आपणहून पाठवून दिलं, 'दीर्घ श्वास घ्या.'

मी तिला फोन लावला. बंद. तिच्या शोरूममध्ये कामाच्या वेळी फोन कपाटात ठेवावे लागतात. मी उठले.

"कुठे?" दोस्त म्हणाली. "ब्रेक नाहीये आत्ता."

"माझी मैत्रीण आहे ती! तिचं काही बरं-वाईट झालं तर?"

"हे बघ, जागा सोडलीस तर काम सोडलंस असं धरतात. भावनेच्या भरात निर्णय नको. पाणी पी."

ग्लास भरलेलाच होता. तो मी दोस्तच्या कीबोर्डवर ओतला आणि पळाले.

शोरूममध्ये ढब्बू एका काकांपुढे उभी होती. काका पाठ धरून तणतणत होते. तिच्या डोळ्यांखाली शाई सांडल्यासारखं काळं झालं होतं. रोज एका खोलीत राहून मला ते दिसलं नव्हतं.

"चल," मी म्हटलं.

"अगं, तू इथे कशी? माझं काम..."

"ते उत्तर मी पाठवलं नव्हतं. ऐकतेस ना? श्वास घ्या म्हणणारी मी नव्हते."

तिने माझ्याकडे बघितलं. मग ती मागच्या गादीवर बसली, म्हणजे नियम मोडून बसली, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. रडता रडताच आडवी झाली. आणि झोपली. तोंड उघडं टाकून, बूट घालून, घोरत.

मी तिचा हात धरून बसले. हळूहळू लोक जमले.

"हळू बोला, जाहिरात चाललीय," कोणीतरी म्हणालं.

"काय झोपलीय पोरगी!" काका पाठदुखी विसरून म्हणाले. "मला हीच द्या. हीच. वरची पोरगी उठली की."

मालक धावत आला होता ओरडायला. पण तोवर आणखी दोघं-तिघं गादी मागत होते, म्हणून त्याने तिच्या अंगावर चादर घातली आणि किमतीची पाटी सरळ केली.

ती उठल्यावर आम्ही खऱ्या डॉक्टरकडे गेलो, फोटोतल्या नाही. त्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही पाणी प्या म्हणाल्या नाहीत. "हा आळस नाही, आजार आहे, बाळा," म्हणाल्या. "औषध देते. काम थांबव, आणि काही दिवस एकटी राहू नकोस." वाटेत मला मनमित्रकडून निरोप आला. तुमच्या भावना महत्त्वाच्या आहेत, उद्यापासून येऊ नका.

सकाळी सरांनी बोलावलं. आम्ही पोचायच्या आत घंटा वाजली आणि सगळा मजला टाळ्या वाजवत बाहेर आला.

"अभिनंदन!" सर ढब्बूला म्हणाले. "मालकांचा फोन होता. कायमची नोकरी! शोरूमच्या काचेत झोपायचं."

"सर, मी काम सोडायला आलेय. डॉक्टरांनी आराम सांगितलाय."

"अगं, झोपायचंच काम आहे! याहून आराम काय असतो?"

"माझी तब्येत..."

"हे बघ बेटा, घंटा वाजली. वाजलेली घंटा परत घेता येत नाही. माझे शंभरचे नव्याण्णव करणार का तू?"

"माणूस मेला की तुमचे किती होतात हो?" मी ओरडले. टाळ्या थांबल्या.

 ढब्बूने सरांच्या टेबलावरचा फोन उचलला आणि घरी लावला.

"आई, मी सोडलं. मला बरं नाहीये. खूप दिवस झाले."

 पलीकडून आईचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. "मग मावशीला काय सांगू मी?" आणि लगेच, "मरू दे मावशी. तू आहेस कुठे? तिथेच थांब, मी येते."

काल यंत्राला मंजूर नव्हतं, ते वाक्य.

ढब्बू दाराशी गेली, घंटेची दोरी धरली आणि वाजवायला लागली. काडीसारख्या हातांनी, दात-ओठ खाऊन, थांबेचना. "ही परत घेतल्याची," ती म्हणाली. सवयीने कोणी टाळ्या वाजवल्या, मग मागून कोणी तरी मनापासून. सर दोरी सोडवायला धावले, तेवढ्यात घंटेचा लोलक निखळला आणि त्यांच्या बुटावर पडला.

सर लंगडत मागे सरकले आणि जवळच्या खुर्चीवर बसले. ती मुलाखतीतलीच खुर्ची होती. चाक अजून बसवलेलं नव्हतं.