टाळ्या आधी, वाक्य नंतर

पुण्याची ऋता सिंगापुरातल्या परिषदांमध्ये चिनी भाषणांची इंग्रजी दुभाषी होती. त्या दिवशी चीनचे एक बडे नेते राजनय, विकास आणि सहकार्यावर बोलत होते. असली भाषणं ऐकून ऐकून तिला तोंडपाठ झाली होती. नेते पाणी प्यायला थांबले आणि ऋता ओघात पुढचं वाक्य माइकवर बोलून गेली, "विकासाची फळं सर्व देशांना मिळोत."

हेडफोन लावलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. नेते चमकले. मग नेत्यांनी कागदात पाहून नेमकं तेच वाक्य वाचलं.

चहाच्या वेळी त्यांचा भाषणं लिहिणारा अधिकारी तिला गाठून हळूच म्हणाला, "पुढच्या महिन्याचं अजून लिहायचंय. तुम्हाला वेळ आहे का?"

ऋताने सरळ होकार दिला.