अर्धा फेटा

चालू हेलिकॉप्टर सोडून खाली उतरायचं नाही, हे वैमानिक विश्वजितला पाठ होतं. पण नवरी शिवांजलीला मांडवात नेल्यावर नवरदेवाचे वडील लालासाहेब स्वतः फेटा घेऊन रानाच्या कडेला उभे राहिले. बसल्याजागी कुणी मान घेतो का? विश्वजितही इस्लामपूरचाच गडी, ही रीत त्याला ठाऊक. वडीलधाऱ्याच्या हातचा फेटा नाकारायचा म्हणजे घरच्यांचं नाक कापणं. इंजिन बंद करून परत चालू करायचं तर पाटणच्या दुसऱ्या लग्नाला उशीर. मानपानापायी आमच्याकडे भलेभले शहाणपण गहाण टाकतात. दोन मिनिटांचंच काम, असं म्हणत तोही उतरला.

लालासाहेबांनी पहिला वेढा घातला आणि त्यांच्या खांद्यावरून विश्वजितला नवरदेवाची आजी दिसली. अंबूबाई मुठीत मीठमोहरी घेऊन, वाऱ्यात पदर सावरत हेलिकॉप्टरच्या मागून निघाली होती. या घरात नवा ट्रॅक्टर आला तरी ती सभोवार फिरून दृष्ट काढायची. आज तर सून आभाळातून आली होती. घरच्या थोरल्या बाईला अडवणार कोण?

तिची नजर वरच्या मोठ्या पात्यांवर होती. शेपटीचं छोटं पातं फिरताना दिसतच नाही, आणि ती नेमकी तिकडेच चालली होती.

 विश्वजित ओरडला, पण त्या घरघरीत त्याचं त्यालाच ऐकू येईना. आत जाऊन इंजिन बंद करावं, तर पाती थांबेपर्यंत म्हातारी संपली असती. तो अर्ध्या फेट्यानिशी धावत सुटला, बाजूने गेला आणि तिला कवेत घेऊन ढेकळांत पडला. डोक्यावरचा फेटा सुटून उडाला तो थेट शेपटीत. खाडकन आवाज झाला. भगव्या चिंध्या दोघांच्या अंगावर पडल्या.

त्याने उठून आधी इंजिन बंद केलं. तो परत आला तेव्हा लालासाहेब आईवर चिडत होते. तिने त्यांना हातानेच गप्प केलं.

"मला न्हाई कळलं, लेकरा. पर तुला ठावं हुतं न्हवं? मग तू खाली का उतरलास रं?"

विश्वजितला लालासाहेबांकडे बोट दाखवता आलं असतं. त्याने दाखवलं नाही. चूक त्याचीच होती आणि तिची त्याला मनापासून लाज वाटत होती.

अंबूबाईची मूठ अजून मिटलेलीच होती. ती उठली, ती मीठमोहरी तिने त्याच्यावरूनच उतरवली. तो उघड्या डोक्याने तिच्यापुढं वाकला.