पाहुण्यांसाठीचं पाणी

अहवालाच्या कोपऱ्यातली टाचणी गंजलेली होती. रेवती तिच्याकडेच बघत राहिली, कारण खाली पुन्हा वाचायचा धीर होत नव्हता. पण एकदा वाचून झालंच होतं... 'पाणी पिण्यायोग्य.' पिण्यायोग्य! ज्या विहिरीचं पाणी पिऊन सुभद्राबाईंच्या एकतीस मेंढ्या तोंडाला फेस येऊन आडव्या झाल्या, ज्या पाण्याला कोऱ्या चहाचा रंग आणि सडक्या मळीचा वास — ते पिण्यायोग्य.

प्रयोगशाळा विकली गेली, हा पहिला विचार. खरं सांगायचं तर तो सुखाचा होता. दुसऱ्याच्या पापावर चिडायला काही कष्ट पडत नाहीत. उद्या पुण्याला हरित न्यायाधिकरणात सुनावणी, मळीचं पाणी सोडणाऱ्या कारखान्याचे तीन-तीन वकील, आणि कळमनुरीच्या या एका खोलीच्या वकिली कचेरीतून निघालेला तिचा एकमेव पुरावा हा असा उलटलेला. प्रकरण फेटाळलं तर ती विहीर कायमची गेली, आणि विहीर गेली की वस्ती उठली.

सुभद्राबाई समोरच्या बाकावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. खुशाल.

"बाई, त्या दिवशी बाटलीत पाणी कुठलं भरलंत?"

"चांगलं भरलं की. देवळाच्या हापशाचं. दोन कोसांवरून आनतो आमी, पाव्हण्यासाठी येगळं ठिवतो."

हापशाचं. विहिरीचं नाहीच.

"पण का?" रेवतीनं विचारलं.

"आता बगा, पुन्याला मोठ्या सायबापुढं आमच्या नावानं पानी जानार. तुमी आल्या तवा तांब्या दिला, तर तुमी बाजूला सारला, पिशवीतली आपली बाटली काढली. म्या म्हनलं, आपल्या घरच्या पान्याला वकीलबाईच तोंड लावीना, तर सायबासमोर घान पानी कसं धाडू?"

तांब्या... हो, होता, रेवतीला आठवलं. काठावर दोन बोटं टेकवून मी तो सरकवला होता, हसून, अगदी सभ्यपणे — म्हणजे त्यातलंही पाणी हापशाचंच होतं! दोन कोस डोक्यावरून आणलेलं, माझ्यासाठी राखलेलं. आणि मग ऊन फार होतं, फोन आला होता, म्हणून लिंबाखालूनच बाटली पुढे केली, 'भरून आणा' म्हटलं, पंचनाम्यावर लिहिलं, 'विहिरीतून, माझ्या समक्ष,' आणि खाली झोकात सही ठोकली. शंभर पावलं. विहिरीपर्यंतची शंभर पावलंसुद्धा चालवली नाहीत माझ्याच्यानं. लाज वाटली, भयंकर लाज. आणि लाजेच्या आत भीतीही — वकिलीची सनद जाईल, नाव जाईल.

आजाराचं निमित्त सांगून तारीख मागता येईल. नवा नमुना, नवा पंचनामा... पण जुन्याचं काय? 'समक्ष' लिहिणारा हात कुणाचा?

"चुकलं का बाई माझं?" सुभद्राबाईंचे पाय बाकावरून खाली आले होते.

"तुमचं नाही," असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि निघालं ते भलतंच.

"मी विहिरीवर आलेच नव्हते."

"व्हय," सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांना त्यात नवं काहीच नव्हतं.

उद्या भर न्यायाधिकरणात हे म्हणता येईल का, याचा अंदाज घेत रेवतीनं ते वाक्य पुन्हा उच्चारलं. आवाज अर्ध्यातच चिरकला. तिनं घसा साफ केला आणि पुन्हा सुरुवात केली — "मी..."