कर्नल झिंकच्या तळपायाचा ठिपका

चाळीस वर्षं ज्याच्यासाठी मी झुरतोय, तो कर्नल झिंक डेटन शहरातल्या जुन्या खेळण्यांच्या प्रदर्शनात, तळाशी आरसा असलेल्या एका पारदर्शक पेटीत उभा होता आणि त्याच्या तळपायाला माझ्या आईचं नेलपॉलिश होतं.

जांभळं. शंकाच नाही. शनिवारी सकाळी टीव्हीवर कर्नल झिंक लागायचा. बावीस मिनिटं तो गंजराजाला बदडायचा, आणि मधली आठ मिनिटं तोच कर्नल विकत घ्या म्हणून जाहिरात. आम्हाला दोन्हीतला फरक कळायचा नाही. आमच्या ओळीतल्या पाच घरांत पाच कर्नल, हुबेहूब सारखे, आणि दुपारी अंगणात "हा माझा" म्हणून पाच जण एकमेकांच्या उरावर. शेवटी आया वैतागल्या आणि त्यांनी पायांवर ठिपके दिले. डगचा लाल, बेकीचा गुलाबी, माझा जांभळा. मी अकरा वर्षांचा असताना शाळेच्या शिबिराला गेलो, आणि आईनं गॅरेजसमोर टेबल मांडून माझं सगळं सैन्य विकून टाकलं. बिस्किटांचा डबा विकावा तसं.

पेटीखाली पाटी होती: 'कारखान्यातला रंगचाचणीचा नमुना. जगात एकमेव. तज्ज्ञांनी प्रमाणित. नऊशे डॉलर.'

"हे माझ्या आईचं नेलपॉलिश आहे," मी म्हटलं.

टेबलामागे ट्रेंट बुखोल्झ नावाचा इसम होता. त्याच्या पोटावर टी-शर्टातला कर्नल ताणून ताणून बेडकासारखा झाला होता. "भाऊ, तीन तज्ज्ञांनी भिंग लावून बघितलंय."

"तिघांपैकी एकाला तरी आई होती का?"

"चिडू नका. रंग कसा बसतो ते बघायला कारखान्यात तळपायावर ठिपका द्यायचे. यावर पुस्तिका आहे."

"कुणाची?"

"माझीच."

मी आईला फोन लावला. चाळीस मिनिटांत ती वॉकर ढकलत हजर. पर्समध्ये जांभळी बाटली. "तीच कंपनी, तोच रंग," ती म्हणाली. "शोभतोय तर बदलायचा कशाला?"

ट्रेंट डोळे बारीक करून म्हणाला, "आजी, तुम्ही कारखान्यात होता?"

"दंतवैद्याकडे होते. एकोणतीस वर्षं."

"म्हणजे कारखान्याची माणसं तुमच्याकडे दाढ दाखवायला यायची!" ट्रेंट गर्दीकडे वळून ओरडला. लोकांनी माना डोलावल्या. एकानं तर लिहून घेतलं.

माझं डोकंच फिरलं. मी टेबलावर मुठी आपटत होतो, ट्रेंट पुस्तिकेतली पानं वाचून दाखवत होता. तेवढ्यात आई त्याच्याच खुर्चीत बसली. टेबलावरच्या टोपलीतले सुटे कर्नल एकेक उलटे करून तिनं ठिपके द्यायला घेतले. प्रत्येकाला फुंकर मारायची आणि बाजूला वाळत ठेवायचं. आमचं भांडण थांबेपर्यंत चौदा झाले होते.

ट्रेंट पांढराफटक पडला. "आजी! काय केलंत हे!"

मला वाटलं, आता सत्याचा विजय. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी विचारलं, "ओल्या ठिपक्याचा कितीला?"

दोन मिनिटांत रांग लागली. ट्रेंटनं पाटीवरचं 'जगात एकमेव' खोडलं आणि 'साठा मर्यादित' लिहिलं. मग मला कोपऱ्यात ओढून म्हणाला, "तुमचा तुम्ही फुकट न्या. फक्त आजींना पाच वाजेपर्यंत बसू द्या."

"माझी आई भाड्यानं मागतोस, नालायका?"

"रॉयस," आई म्हणाली, "त्यानं मला कॉफी दिलीय. तुला सुचली होती?"

मी गाडीच्या किल्लीनं पेटी फोडली. पेटी फोडली की या लोकांच्या लेखी मालाची किंमतच जाते; रांगेतून असा आवाज निघाला की जणू मी जिवंत कोंबडी सोलतोय. एक बाई तर तोंड फिरवून उभी राहिली. कर्नल माझ्या हातात होता! तेच वजन, तोच प्लास्टिकचा वास. त्याची कंबर पिळून सोडली की तो ठोसा मारायचा. मी पिळली.

टक्. आतलं चाळीस वर्षांचं रबर तुटलं. धड माझ्या मुठीत राहिलं आणि पाय टेबलाखाली.

"पेटी फोडलेला माल परत घेत नाही," ट्रेंट म्हणाला.

"फुकटचं काय परत घेणार, गाढवा!" मी इतक्या जोरात ओरडलो की प्रदर्शनाच्या माईकवर घोषणा करणारा माणूस गप्प झाला. "कधीच मोडणार नाही म्हणाले होते! टीव्हीवर! दर शनिवारी! मी सात वर्षांचा होतो, माझा विश्वास बसला होता!"

आईनं मानसुद्धा वर केली नाही. "रॉयस, लोक खोळंबलेत. पाय उचल आणि बाहेर जाऊन बस."

माझं वय एक्कावन्न. मी गुडघ्यांवर टेबलाखाली शिरलो. तिथे आधीच दोन टक्कल पडलेले बाप्ये होते. एकानं कर्नलचे पाय छातीशी धरले होते, दुसरा ते ओढत होता.

"सुटे पाय मिळत नाहीत हो," पहिला मला समजावू लागला. "दुर्मिळ आहेत."

मी त्याच्या पोटरीला चावलो.